येकल्याचं खोडलेलं नाव

चूक दिसली की माझी जीभ गप्प बसत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, आता त्याची लाजच जास्त वाटते. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन मी आधी पेनानं दुरुस्त करते आणि मग तारीख बघते. बसच्या पाटीवर गावाचं नाव चुकलं असेल तर कंडक्टरला ऐकवते, जणू पाटी त्या बिचाऱ्यानंच रंगवली आहे. नवरा म्हणतो, हिला पंचपक्वान्नं वाढली तरी ही आधी मीठ कुठं कमी आहे ते शोधेल.

बावीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवते आहे. या खोडीला इतके दिवस 'शिक्षकाचा स्वभाव' असं गोंडस नाव देऊन ठेवलं होतं. ज्या चुकीबद्दल आज लिहायला बसले आहे ती मात्र माझी स्वतःची आहे. ती मला कळायला बारा दिवस लागले, आणि ज्या माणसापाशी कबूल करायची त्याच्यापाशी तोंड उघडायला दोन हिवाळे गेले.

आमचं गाव गुडीहत्नूरच्या पुढं, हायवे सोडून आत आहे. मी आदिलाबादला राहते आणि सकाळच्या बसनं गावच्याच हायस्कूलला शिकवायला येते. शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग आहेत, तेलुगू माध्यमाचेही आहेत, आणि मधल्या सुट्टीत मुलं दोन्ही भाषांत सारखीच भांडतात. शाळेमागं कापसाचं एक वावर आणि त्याच्यापलीकडं तळं. तळ्याच्या बांधाच्या पोटातून शेतीला पाणी सोडायची दगडी मोरी आहे. तिला आमच्याकडं तूम म्हणतात. तो तूम उघडायचा, बंद करायचा, कोणाच्या वावरात किती वेळ पाणी जायचं ते बघायचं, हे काम करणारा तो नीरटी. हे काम पिढ्यानपिढ्या आमच्या घराकडं होतं.

शेवटचे नीरटी माझे मोठेबाबा. वडिलांच्या थोरल्या भावाला आम्ही मोठेबाबा म्हणतो. आजोबांना लकवा मारला तेव्हा मोठेबाबा चौथीत होते. त्यांना शाळेतून काढून तुमावर उभं केलं, म्हणून धाकट्याला, म्हणजे माझ्या वडिलांना, शाळेत राहता आलं. वडील पुढं कारकून झाले, मी मास्तरीण झाले. ही गोष्ट आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवली नाही, मोठेबाबांनी तर नाहीच. पण ती सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला ती सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवी होती.

तुमाच्या खाली जो पाट निघतो तिथं एक पक्षी येतो. मुठीएवढं अंग, लांब चोच, वरून काळपट, खालून पांढरा. चिखलाच्या कडेनं चालता चालता मागचा भाग सारखा वरखाली करत असतो. मोठेबाबा त्याला 'येकला' म्हणायचे, कारण तो कधी थव्यात दिसायचा नाही. बाकीचे पाणपक्षी तळ्यावर घोळक्यानं असायचे, हा आपला खाली पाटात, दहा पावलं जागा धरून. मी लहान असताना सुट्टीत गावी यायचे तेव्हा मोठेबाबा मला पहाटे तुमावर न्यायचे. धुकं इतकं असायचं की आपलीच पावलं दिसू नयेत. आदिलाबादची थंडी ज्यानं सोसली त्याला मी काय म्हणते ते कळेल.

"पोळ्याच्या मांगंपुढं येते, पाडवा झाला का जाते," ते हळू आवाजात सांगायचे. "दुसरा आला त हाकलून देते. खळं राखनाऱ्यावानी."

"कोणता पक्षी ते कसं ओळखायचं?" मी विचारायची.

"पाय नको पाहू. चिखलात समद्याइचे पाय सारखेच. उडन तवा पाह्य. बुडाशी पांढरं फक्क दिसन, अन् पंखाखालून काळा. अन् आवाज आईक. टुई-वीट-वीट. तीनदा. मंग आभायात नागमोडी जाते."

मग ते टाळी वाजवायचे आणि येकला उडायचा. मला तेव्हा फक्त उडणं दिसायचं. काळं-पांढरं काय, ते कधी नीट दिसलंच नाही. पण मी हो म्हणायची.

मग मी मोठी झाले आणि व्हायचं ते झालं, शहाणी झाले. पक्षी बघायचा नाद लागला. दुर्बीण घेतली, पुस्तक घेतलं, मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेतला. फोनवर पक्ष्यांच्या नोंदी करायचं ॲप आलं, त्यात माझ्या नावापुढं पक्ष्यांची यादी वाढत गेली तशी मानही ताठ होत गेली. हिवाळ्यात आपल्याकडं येणारे हे चिखलातले पक्षी ओळखणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. पुस्तकात एका पानावर दहा-बारा भुरे पक्षी असतात, सगळे एका आईची लेकरं वाटावीत असे. त्यांतले तुतारी नावाचे पक्षी तर फारच सारखे. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी शेजारीशेजारी ठेवल्या तर फरक चार गोष्टींचा. ठिपकेवालीच्या पाठीवर ठिपके ठळक, पाय जरा पिवळे आणि लांब, भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागंपर्यंत गेलेली, पंखाखालून फिकी. हिरवी पाठीवर गडद, ठिपके अगदी बारीक, भुवई डोळ्यापाशी थांबलेली, पंखाखालून काळी. अंगावर हिरवं म्हणावं असं काहीच नाही, असलाच तर पायांवर जरासा रंग. ते सगळं मला तोंडपाठ होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हेही मी वर्गात शिकवलेलं होतं.

त्या वर्षी शाळेनं तळ्यावर पक्षी मोजायचा कार्यक्रम ठरवला. कल्पना माझी. मोठेबाबांना वाटाड्या करायचं, हे मात्र हेडमास्तरांनी सुचवलं. ते म्हणाले, तळ्याची माहिती त्यांच्याइतकी कोणाला आहे? आणि हे जमलं तर दर शनिवारी त्यांनाच मुलांना तळ्यावर न्यायला सांगू.

मी हे मोठेबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पोरं मले गुरुजी म्हनतीन?"

मी म्हटलं, म्हणतीलच की.

त्या सकाळी ते आमच्या आधी शाळेच्या फाटकात येऊन उभे होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा पांढरा सदरा, वर माझ्या वडिलांचा जुना कोट. ज्या शाळेतून या माणसाला चौथीत काढलं होतं, ती त्याला आता सत्तर-पंचाहत्तरीत बोलावत होती. मी ते पाहिलं, मला भरून आलं, आणि तरी मी पुढं जे केलं ते केलं.

तीसएक मुलं, हेडमास्तर, सरपंच, वनखात्याचा एक माणूस, गावातले एक मोठे शेतकरी आणि मी. मोठेबाबा सगळ्यांत पुढं. बांधावरून त्यांनी बदकं दाखवली, शेकाटे दाखवले, कोण कुठं झोपतो ते सांगितलं. मुलं वहीत लिहीत होती. मग आम्ही तुमाखाली उतरलो. मोठेबाबांनी हात वर केला आणि सगळी रांग थांबली. पाटाच्या कडेला येकला होता.

"हा येकला," ते म्हणाले. "याचं खरं नाव बाई सांगतीन. पन वळख आयका. पाठीवर काळा, पंखाखाली काळा, बुडाशी पांढरा. एकटाच राह्यते. पाठीवर बारीक बारीक ठिपके हायेत, त्याइच्यावर जाऊ नोका, फसान."

मुलांनी लिहून घेतलं. मी तोवर धडाधड दहा-बारा फोटो काढले होते. सकाळचं तिरपं ऊन सरळ पक्ष्याच्या पाठीवर पडलं होतं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते ठिपके चांदीच्या टिकल्यांसारखे चमकत होते. पायही पिवळट दिसत होते; ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले होते हे मी मनावर घेतलं नाही. ठिपके दिसले की झालं.

"नाही मोठेबाबा," मी म्हटलं. आवाज वर्गातला. "ही ठिपकेवाली तुतारी. पुस्तकात चित्र आहे बघा. पंखाखाली काळी नसते ती. मुलांनो, ते खोडा आणि नीट लिहा. ठिपकेवाली तुतारी. पंखाखाली फिकी."

तीस पेन्सिली खरखरल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

शेतकरी हसून म्हणाले, "नीरट्याचं काम तूम उघडाचं. पक्षी वळखाले शाळा शिका लागते."

सरपंच हसले. वनखात्याचा माणूस हसला. मीही हसले. काय लपवायचं आता, मीही हसले, आणि त्या हसण्यात शाळा शिकलेली मी होते याचा आनंद होता.

मोठेबाबा म्हणाले, "असन बाप्पा. तुमी शिकेल लोक."

मला जन्मात पहिल्यांदा त्यांनी 'तुमी' म्हटलं. ते रांगेच्या मागं गेले. परत येताना मुलं फार गडबड करत होती, मी त्यांना ओरडत चालले होते. मागं काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. शाळेत पोचल्यावर चहा झाला. मोठेबाबांनी हेडमास्तरांना सांगितलं, गुडघे दुखतात, शनिवारचं काही जमणार नाही. कोट काढून घडी करून काखेत धरला आणि घरी गेले.

बस्स, एवढंच. कोणी कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. म्हणूनच मला ते विसरणं सोपं वाटत होतं.

मी घरी येऊन ॲपवर नोंद टाकली. ठिपकेवाली तुतारी, एक. सोबत सगळ्यांत छान फोटो. अशा नोंदी तपासणारे काही जाणकार असतात, आपापला वेळ काढून ते काम करतात. बाराव्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा निरोप आला. फार अदबीनं लिहिलं होतं: भुवईची रेघ आणि पंखाखालचा रंग आपण कृपया पुन्हा एकदा पाहाल का?

मला रागच आला. हा कोण मला शिकवणारा? त्याला खोटं पाडायचं म्हणून मी सगळे फोटो उघडले. सातव्या फोटोत पक्ष्यानं आळस देत एक पंख वर केलेला होता. पंखाची खालची बाजू तव्याच्या बुडासारखी काळी. भुवई डोळ्यापाशी संपलेली. मी फोटो मोठा केला, लहान केला, पडद्याचा उजेड वाढवला. काळं ते काळंच राहिलं.

पुढच्या रविवारी मी कोणाला न सांगता पहिल्या बसनं गावी गेले, घरी न जाता सरळ तुमाखाली. टाळी वाजवली. टुई-वीट-वीट. बुडाशी पांढरं फक्क, पंखाखालून काळा, आणि आभाळात नागमोडी. हिरवी तुतारी. मोठेबाबांच्या सांगण्यात एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. ठिपक्यांवर जाऊ नका, फसाल, हेसुद्धा त्यांनी बजावलं होतं. मी ते ऐकूनही फसले होते.

ओल्या गवतात उभं राहून मी फोन काढला आणि नोंद दुरुस्त केली. एक नाव पुसून दुसरं टाकायला अर्धं मिनिटही लागलं नाही. तपासनीसाला लिहिलं, चूक लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार. ज्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही, त्याच्यापुढं मी इतकी नम्र झाले. मोठेबाबांचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. चुलीचा धूर दिसत होता. मी बांधावरून उलट फिरले आणि बस धरली.

का गेले नाही? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की वार्षिक परीक्षा आली आहे. मग सांगितलं की म्हातारा माणूस, विसरलाही असेल, कशाला खपली काढायची. मग उन्हाळा आला आणि पक्षीच निघून गेला, आता कशाचं काय. कारणांची मला कधी वानवा पडली नाही. खरं कारण एकच होतं. मुलांसमोर केलेली चूक मुलांसमोरच दुरुस्त करावी लागली असती, आणि ते हसणारे लोक मला पुन्हा भेटले असते.

त्या उन्हाळ्यात मी त्या पक्ष्याबद्दल मिळेल ते वाचलं. प्रायश्चित्तासारखं वाचलं म्हणा. तो कुठून कुठून येतो, उत्तरेकडच्या थंड जंगलांतून, बर्फ वितळल्यावर जिथं दलदल होते तिथून. एवढी मुलखाची वाट तुडवून तो आमच्या तुमाखालच्या वीतभर पाटात येऊन उतरतो. आणि चिखलातला पक्षी असून अंडी घालतो झाडावर, तीही दुसऱ्या पक्ष्यानं सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात! हे वाचलं तेव्हा मला सगळ्यांत आधी मोठेबाबांना सांगावंसं वाटलं. त्यांनी मांडीवर थाप मारली असती. पण सांगायचं तर कोणत्या पक्ष्याबद्दल ते सांगावं लागलं असतं. म्हणून तेही मी गिळलं. त्यांचं होतं ते त्यांच्याकडून काढून घेतलं होतंच, आता नवीन मिळालेलंही दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात हेडमास्तर स्वतः त्यांच्या घरी गेले आणि मनधरणी करून त्यांना शनिवारसाठी राजी केलं. मला वाटलं, चला, सुटले. पण तळ्यावर आलेले मोठेबाबा पहिल्यासारखे नव्हते. मुलांनी कोणताही पक्षी विचारला की ते म्हणायचे, "पुस्तकात पाहा. बाई काय म्हनते?" शेकाटा दिसला, ज्याला लाल काड्यांच्या पायांमुळं आंधळाही ओळखेल, तरी म्हणायचे, "बाईले इचारा." आणि तुमाखाली पोचलो की हात वर करून रांग थांबवायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "ही ठिपकेवाली तुतारी. आमच्या बाईनं शोधून काहाडली."

मी रांगेच्या शेवटी हजेरीपट घेऊन उभी असायची. माझे कान तापायचे. दर शनिवारी ठरवायची, आज सांगू. दर शनिवारी मुलं ते नाव लिहून घ्यायची आणि मी हजेरी घ्यायची. त्यांनी मुलांना जे खरं द्यायचं होतं ते बंद झालं होतं आणि माझं खोटं त्यांच्याच तोंडून वाटलं जात होतं. मला वाटायचं, माझ्या एका 'खोडा' म्हणण्यानं या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. यापरीस त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे यंदा, पक्षी मोजायच्या कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना मी त्यांच्या घरी गेले. मोठेबाबा ओट्यावर उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या, आणि एकदाचं बोलून टाकलं. ती ठिपकेवाली नव्हती, तुम्ही बरोबर होतात, मला बारा दिवसांतच कळलं होतं, मी सांगितलं नाही. बोलताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही, शेंगांकडं बघत होते.

"मले ठाऊक हाये," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. आपन परत निंगालो तवा थो उडाला ना. बुडाशी पांढरं दिसलं, आवाज केला तीनदा. तुहं ध्यान पोराइकडं होतं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणजे दोन हिवाळे ते जे 'ठिपकेवाली' म्हणत होते ते ठाऊक असून म्हणत होते.

"मंग तवाच बोलले काऊन नाही?" माझ्याही तोंडून गावची भाषा आली.

"सरपंच होता, फारेस्टवाला होता, हेडमास्तर होता. आपल्या घरची पह्यली मास्तरीन तू. तिले चार लोकाइत मी खोटं पाडू? तुह्या बापाले मी शिकू देल्लं, त्यानं तुले शिकोलं. तुले खोटं पाडलं त माहंच समदं खोटं पडते."

मी तर त्याच चार लोकांत त्यांना पाडलं होतं. मला रडू आलं, आणि ते आवरायचा मी प्रयत्नही केला नाही.

"राग नाही आला?"

"आला ना. मी काय दगड हावो? वरीसभर राग धरला. गुडघे कोनाचे दुखत होते? मंग सोडला. म्हातारपनी किती दिवस राग सांभाळाचा." त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "खाय."

मग मी त्यांना ते सांगितलं, झाडावरच्या अंड्यांचं, दुसऱ्याच्या जुन्या घरट्याचं. त्यांनी खरंच मांडीवर थाप मारली. "चिखलातला गडी अन् झाडावर बाळंतपन!" पुन्हा पुन्हा म्हणत ते हसत राहिले. दोन वर्षं मी त्यांना हे हसू दिलं नव्हतं.

उठताना मी म्हटलं, "येत्या कार्यक्रमात सगळ्यांपुढं सांगते, चूक माझी होती म्हणून."

त्यांचं हसू गेलं. "काही गरज नाही. पोराइले वाटन, बाईले येत नाही. मंग थे तुहं कोनतंच आयकनार नाही."

"ऐकू देत नाहीतर न ऐकू देत. मी सांगणार."

त्यांनी पुढची शेंग सोलायला घेतली. मला वाटलं, पटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी रात्रभर जुळवलेली चार वाक्यं घेऊन तुमाखाली उतरले. मुलं नवी-जुनी होती, मोठी माणसं तीच. हेडमास्तर, सरपंच, ते शेतकरी. मोठेबाबा पुढं. येकला पाटात होता आणि आमची चाहूल लागताच तो उडाला. टुई-वीट-वीट. त्या दिवशी ऊन पाठीमागून होतं, आणि सगळ्यांना दिसलं, बुडाशी पांढरं, पंखाखालून काळं. न दिसण्यासारखं काही उरलंच नाही.

शेतकऱ्यांनीच विचारलं, "बाई, तुमी त ठिपकेवाली म्हनत होत्या. हा त काळा-पांढरा दिसून राह्यला?"

यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही. मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी पुढून मोठेबाबांचा आवाज आला.

"उनानं तसं दिसते. ठिपकेवालीच हाये थे. बाई चुकत नाही."

आणि ते मागं वळून माझ्याकडं बघून हसले, पडणाऱ्या पोरीला वेळेवर सावरल्यावर माणूस हसतो तसे. इतके समाधानी होते ते. मी बोलले असते तर आता ते खोटे पडले असते, त्याच जागी, त्याच लोकांत, दुसऱ्यांदा. मी स्वतःला हेच सांगितलं. पण त्याच क्षणी माझ्या छातीवरचं दडपण उतरलं, आणि बोलावं लागलं नाही म्हणून मला बरं वाटलं, हेही मला कळलं.

मुलं पेन्सिली धरून माझ्याकडं बघत होती. मी होकारार्थी मान हलवली आणि त्यांनी लिहून घेतलं.